मेंदूच्या हादऱ्याची मुदत

अमेरिकेतील कॉलेजांत ज्या खेळाला फुटबॉल म्हणतात, तो आपल्याकडे त्या नावाने ओळखला जाणारा खेळ नव्हे. त्यात पायाचा चेंडूशी संबंध थोडाच येतो. अकरा गडी समोरच्या अकरांवर खांद्यांनी तुटून पडतात, आणि लंबगोल चेंडू काखेत दाबून धावणाऱ्याला प्रतिपक्ष जमिनीवर लोळवतो. अशा खेळात डोक्यावर आघात होणे हा केवळ दैवयोग नसून ते खेळाच्या रचनेतच अंतर्भूत आहे. आघात झालेला तरुण उठून उभा राहतो. परंतु त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत असतात, आपण कोणत्या बाजूस धावावयाचे हे त्याला उमगत नाही, आणि क्वचित तो काही क्षण बेशुद्धही पडलेला असतो. कवटी फुटलेली नसते, रक्त आलेले नसते, क्ष-किरणांनी चित्र काढले तर तेही निर्दोष निघते. या स्थितीला इंग्रजीत कंकशन म्हणतात. मराठीत मेंदूचा हादरा म्हटले असता तो अर्थ पुरता उतरतो.

अशा तरुणाविषयी एकच प्रश्न सर्वजण विचारतात : हा पुन्हा केव्हा खेळेल? खेळाडूला उद्याचे उत्तर हवे असते, प्रशिक्षकाला शनिवारच्या सामन्यापूर्वीचे, आईबापांना कधीच नको असे. आणि ज्याने उत्तर द्यावयाचे त्या डॉक्टरला खरे उत्तर ठाऊक नसते. तुटलेल्या हाडाची मुदत सांगता येते, कारण हाड सांधताना दिसते. मेंदूचे तसे नाही. म्हणून गेल्या सव्वाशे वर्षांत या एका प्रश्नाला जी उत्तरे देण्यात आली, त्यांचा इतिहास हा बव्हंशी एकामागून एक टाकून दिलेल्या मापांचा इतिहास आहे.

मेंदूचा हादरा ही मेंदूच्या जखमेहून निराळी आणि तात्पुरती स्थिती आहे, हा भेद इसवी सनाच्या नवव्या-दहाव्या शतकांत होऊन गेलेल्या अल्-राझी या इराणी वैद्याने ओळखला होता. पुढे तेराव्या शतकात इटलीतून फ्रान्सात गेलेल्या लॅनफ्रँक नावाच्या शस्त्रवैद्याने, मेंदू फुटला नाही तरी त्याचे कार्य थांबू शकते व लवकर पूर्ववत होऊ शकते, असे मांडले. परंतु ‘तात्पुरती’ म्हणजे किती दिवसांची, हे विचारण्याचे कारण त्या वैद्यांना नव्हते. त्यांच्या रोग्यांना पुढल्या शनिवारी पुन्हा डोके आपटून घ्यावयाचे नव्हते. तो प्रश्न कॉलेजांतील खेळांनी निर्माण केला.

१९०५ चा हंगाम हा या इतिहासाचा आरंभ म्हणण्यास हरकत नाही. त्या काळी बहुतेक गडी शिरस्त्राणावाचून खेळत. हात एकमेकांत गुंतवून सबंध तांडाच प्रतिपक्षावर लोटण्याची रीत होती. त्या एका हंगामात शाळा, कॉलेजे व इतर संघ मिळून अठरा-एकोणीस तरुण मृत्यू पावल्याची नोंद वृत्तपत्रांनी केली. ९ ऑक्टोबर १९०५ रोजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन येथील प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले. रूझवेल्ट स्वतः धसमुसळ्या खेळांचे मोठे भोक्ते होते आणि त्यांचा मुलगा त्याच शरद ऋतूत हार्वर्डच्या पहिल्या वर्षाच्या संघात खेळत होता; तेव्हा खेळ बंद करणे हा त्यांचा हेतू नव्हता, तो टिकवणे हाच होता. डिसेंबरात ६२ कॉलेजांचे प्रतिनिधी न्यूयॉर्क येथे जमले आणि त्यातून जी संघटना उभी राहिली तिलाच १९१० पासून राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटना, म्हणजे एन्. सी. ए. ए., हे नाव मिळाले. चेंडू पुढे फेकण्यास १९०६ मध्ये परवानगी मिळाली, तांड्याने लोटण्याची रीत मोडली, आणि खेळ वाचला.

वृत्तपत्रे मृतांची मोजदाद करीत होती, त्याच सुमारास हार्वर्डच्या संघाचे दोन शस्त्रवैद्य, एडवर्ड निकोल्स आणि होमर स्मिथ, जिवंतांची मोजदाद करीत होते. या इतिहासात त्यांचे काम अधिक मोलाचे ठरले. हंगामभर ते संघाबरोबर राहिले आणि प्रत्येक दुखापत त्यांनी वहीत टिपली. १९०६ मध्ये बोस्टनच्या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा लेख आला. एका संघाच्या एका हंगामात १४५ दुखापती, आणि त्यांपैकी १९ मेंदूचे हादरे. सबंध हंगामात असे दोनच सामने झाले, की ज्यांत हार्वर्डच्या एकाही गड्याला हादरा बसला नाही. कोणी अतिशय उत्तेजित होई, कोणी नुसताच गोंधळलेला असे, अगदी थोडे पूर्ण बेशुद्ध पडत. परंतु आघाताच्या आधीची व नंतरची थोडीबहुत विस्मृती प्रत्येकाच्या ठायी आढळली. आणि स्वतः खेळाडू? त्यांना हा सारा थट्टेचा विषय वाटत असे. आदल्या दिवशी कोण कसा बडबडला याच्या गोष्टी सांगून ते हसत. डॉक्टरांना मात्र त्यात हसण्यासारखे काही वाटले नाही. या आघातांचे पुढे काय परिणाम होतात याची शंका त्यांनी तेव्हाच नमूद करून ठेवली. ही थट्टा ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ज्या आजाराची माहिती मुख्यतः रोग्याच्या तोंडूनच मिळावयाची, तो रोगीच त्याला आजार मानीत नसेल तर डॉक्टरने काय मोजावे?

यानंतर पाव शतक फारसे काही घडले नाही. १९३३ मध्ये एन्. सी. ए. ए. ने शाळा-कॉलेजांसाठी खेळातील दुखापतींवर एक वैद्यकीय हस्तपुस्तिका काढली, तीत या प्रश्नाचे पहिले छापील उत्तर सापडते. डोकेदुखी, घेरी इत्यादी लक्षणे ४८ तासांहून अधिक टिकली तर त्या खेळाडूस २१ दिवस किंवा त्याहून अधिक काळ खेळू देऊ नये, असा तिचा नियम होता. ह्या आकड्यामागे मेंदूचे कोणतेही मोजमाप नव्हते. तसे साधनच त्या काळी उपलब्ध नव्हते. तथापि त्या नियमाचा पूर्वार्ध विलक्षण शहाणपणाचा होता. आघात किती भयंकर दिसला यावर त्याने मुदत ठरवली नाही. पहिल्या दोन दिवसांत लक्षणे कशी वागतात यावर ठरवली. सुमारे ऐंशी वर्षांच्या शोधानंतर विद्वान पुन्हा त्याच ठिकाणी येऊन पोहोचले, हे पुढे दिसून येईल. दुर्दैवाने पुस्तिका कपाटात राहिली आणि मैदानावर हुंगण्याचे क्षार व थंड पाणी यांचेच राज्य चालू राहिले.

१९३९ मध्ये कॉलेज-फुटबॉलात शिरस्त्राण सक्तीचे झाले. कवट्या फुटण्याचे प्रमाण शिरस्त्राणांनी कमी केले, परंतु हादरे थांबले नाहीत. ते का थांबले नाहीत याचे उत्तर मैदानावर नव्हे, तर दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत इंग्लंडात, ऑक्सफर्ड येथे मिळाले. तेथे मोटारसायकलींवरून पडणाऱ्या शिपायांच्या डोक्यांच्या दुखापतींचा अभ्यास चालू होता. डेनी-ब्राउन व रिची रसेल यांनी १९४१ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांनी दाखवले, की डोके घट्ट आवळून धरले असता आघाताने हादरा सहसा बसत नाही. ते मोकळे असून एकाएकी गतिमान झाले तरच बसतो. होलबोर्न नावाच्या पदार्थविज्ञानवेत्त्याने १९४३ मध्ये जिलेटिनचा मेंदू करून तो कवटीच्या आकाराच्या साच्यात बसवला, आणि डोक्याला बसणारी पिळवटच मेंदूच्या तंतूंना सर्वांत घातक असते असे प्रतिपादन केले. आपल्याकडील गृहिणीला हे समजावयास प्रयोगशाळा लागत नाही. दह्याचे मडके हिसक्याने फिरवले, तर मडक्याला टवकाही उडत नाही. दही मात्र मोडते. मडक्याभोवती कितीही जाड कापड गुंडाळले तरी दही मोडावयाचे थांबत नाही.

याच रसेलने मुदतीच्या प्रश्नालाही पहिले खरे माप दिले. आघातानंतर रोग्याची स्मृती सलग होण्यास किती वेळ लागला, हे त्याने मोजावयास सुरुवात केली. रोगी बोलत असेल, चालत असेल, प्रश्नांना उत्तरेही देत असेल. पण दुसऱ्या दिवशी त्यातले त्याला काही आठवत नसेल, तर तो सारा काळ विस्मृतीत जमा धरावयाचा. ही विस्मृती तासाभराची असेल तर माणूस कामावर लवकर परततो, दिवसांची असेल तर महिने लागतात, असे शेकडो शिपायांच्या नोंदींवरून दिसून आले. हे माप आजही मोठ्या दुखापतींच्या बाबतीत मानले जाते. परंतु कॉलेजच्या मैदानावर ते लंगडे पडले. तेथे हादरा बसलेल्या बहुसंख्य मुलांना विस्मृती होतच नाही, किंवा दोन-चार मिनिटांचीच होते. तासांच्या काट्याने सेकंद कसे मोजावे?

त्यामुळे अमेरिकेतील डॉक्टर पुन्हा दंडकांकडे वळले. हार्वर्डचे शस्त्रवैद्य ऑगस्टस थॉर्नडाइक यांनी १९५२ मध्ये सुचवले, की ज्याला तीन वेळा हादरा बसला त्याने अंगाला अंग भिडणारे खेळ सोडून द्यावेत. तीनच का, दोन किंवा चार का नाहीत, याचे उत्तर अनुभवापलीकडे त्यांच्याजवळ नव्हते, आणि तसा आवही त्यांनी आणला नाही. पण मागील हादरे पुढील हादऱ्याच्या मुदतीवर परिणाम करतात ही त्यांची अटकळ बरोबर होती.

ती अटकळ मोजून दाखवण्याचे श्रेय न्यूझीलंडमधील ऑकलंड येथील डोरोथी ग्रॉनवॉल या मानसशास्त्रज्ञ विदुषीस व तिचे सहकारी शस्त्रवैद्य फिलिप राइटसन यांस आहे. १९७० च्या दशकात त्यांनी एक साधी पण कस पाहणारी परीक्षा उपयोगात आणली. ध्वनिफितीवरून ठरावीक अंतराने एकेक अंक ऐकू येतो. परीक्षार्थीने प्रत्येक अंक त्याच्या लगेच मागील अंकात मिळवून बेरीज सांगावयाची. तीन, पाच ऐकले की आठ. मग दोन ऐकले की सात, दहा नव्हे. शाळेतील दुसरीच्या मुलाला येणारी बेरीज. परंतु आपलेच मागील उत्तर विसरून मागील अंक तेवढा ध्यानी ठेवावयाचा, आणि तोवर पुढला अंक येऊन आदळतो. हादरा बसलेले तरुण वरवर ठणठणीत दिसत, पण या परीक्षेत अडखळत. आणि अनेक आठवडे अडखळत. १९७५ मध्ये या दोघांनी दाखवले, की दुसऱ्यांदा हादरा बसलेल्यांना पहिल्यांदा बसलेल्यांपेक्षा पूर्ववत होण्यास अधिक काळ लागतो. ‘मला आता बरे वाटते’ या वाक्यावाचून बरे झाल्याची दुसरी साक्ष प्रथमच हाती आली.

परंतु मुळातच जो मंद त्याला हादऱ्याने मंद केले असे कसे म्हणावे? हा आक्षेप व्हर्जिनिया विद्यापीठाचे जेफ्री बार्थ यांनी १९८० च्या दशकात फार साध्या युक्तीने दूर केला. हंगाम सुरू होण्याआधीच सर्वांची परीक्षा घेऊन ठेवावयाची, म्हणजे ज्याला हादरा बसेल त्याची तुलना दुसऱ्या कोणाशी न होता स्वतःशीच होईल. दहा विद्यापीठांतील सुमारे २,३५० फुटबॉलपटूंची अशी पूर्वपरीक्षा झाली. ज्यांना हादरा बसला त्यांपैकी बहुतेकांचे गुण पाच ते दहा दिवसांत पूर्वस्थितीला आले. इतिहासात प्रथमच ‘साधारण किती दिवस?’ याला मोजलेले उत्तर मिळाले, आणि ते अनेकांना वाटत होते त्याहून आशादायक होते.

त्याच दशकात त्या आशेवर एक काळी छाया पडली. १९८४ मध्ये रिचर्ड साँडर्स व रॉबर्ट हार्बॉ या डॉक्टरांनी एका १९ वर्षांच्या कॉलेज-फुटबॉलपटूच्या मृत्यूची हकीकत प्रसिद्ध केली. मुष्टामुष्टीत त्याच्या डोक्याला मार लागून तो थोडा वेळ बेशुद्ध पडला होता. डोके दुखत असताही तो खेळावयास परतला, आणि विशेष मोठा आघात झालेला कोणाला दिसला नसताही काही दिवसांनी मैदानावरच कोसळला. मेंदू भराभर सुजून तो दगावला. पहिला हादरा विरण्यापूर्वी दुसरा बसला तर असे होऊ शकते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. दुसरा आघात खरोखरच कारण असतो की पहिल्याचाच हा उशिराने दिसणारा परिणाम असतो, याविषयी नंतर तज्ज्ञांत वाद झाला आणि तो पुरता मिटलेला नाही. अशा घटना अत्यंत विरळ आहेत हेही खरे. परंतु मुदतीच्या प्रश्नाचे स्वरूपच या एका मृत्यूने पालटले. तोवर चुकीच्या उत्तराची किंमत एखादा हरलेला सामना किंवा आठवडाभराची डोकेदुखी एवढीच समजली जात होती.

भयाच्या पोटी नियमांचा सुकाळ होतो. १९८६ मध्ये रॉबर्ट कँटू यांनी हादऱ्याच्या तीन प्रती ठरवल्या. १९९१ मध्ये कोलोरॅडो राज्याच्या वैद्यक मंडळाने आपल्या तीन ठरवल्या. १९९७ मध्ये अमेरिकन मज्जाविकारतज्ज्ञांच्या अकादमीने आणखी तीन. याखेरीज इतरांच्याही अनेक होत्या. प्रत्येकीला जोडून खेळात परतण्याची मुदत दिलेली असे. आता एखादा तरुण अर्धे मिनिट बेशुद्ध पडला असे समजा. कँटू यांच्या कोष्टकात तो मध्यम प्रतीचा. लक्षणे गेल्यावर आठवडाभराने खेळण्यास मोकळा. कोलोरॅडोच्या कोष्टकात तोच तरुण सर्वांत गंभीर प्रतीचा. त्याला निदान महिनाभर विश्रांती. तेच डोके, तोच आघात. केवळ भिंतीवर कोणता तक्ता टांगलेला आहे यावर मुदत अवलंबून! या कोष्टकांत एक समान गृहीत होते, ते हे की बेशुद्धी म्हणजे गांभीर्य. ते गृहीत लोकांच्या मनातही खोल रुजलेले होते. मुलगा पडला पण शुद्ध हरपली नाही, म्हणजे निभावले, असे कोणतीही आई म्हणेल.

हे गृहीत २००३ मध्ये डळमळले. त्या वर्षी केव्हिन गुस्किविच, मायकेल मॅक्री व त्यांचे सहकारी यांनी एन्. सी. ए. ए. च्या फुटबॉलपटूंवरील दोन निबंध एकाच वेळी प्रसिद्ध केले. पहिल्यात २५ कॉलेजांतील २,९०५ खेळाडू तीन हंगाम नजरेखाली होते. हादरा बसलेल्यांपैकी शेकडा ८५ जणांचे डोके दुखत होते, परंतु बेशुद्ध पडलेले शंभरात सहा-सातच निघाले. अर्थात ज्या लक्षणावर सारी कोष्टके उभी होती, ते लक्षण बहुसंख्यांच्या बाबतीत उपस्थितच नव्हते. पूर्वी तीन किंवा अधिक वेळा हादरा बसलेल्यांपैकी ३० टक्के जणांची लक्षणे आठवड्याहून अधिक टिकली. पूर्वी एकदाच बसलेल्यांत हे प्रमाण १४.६ टक्के होते. थॉर्नडाइकांच्या तीनाला पन्नास वर्षांनी आधार मिळाला. आणखी एक आकडा छातीत धस्स करणारा होता : एकाच हंगामात पुन्हा हादरा बसलेले बारा जण होते, त्यांपैकी अकरांना तो पहिल्यानंतर दहा दिवसांच्या आतच बसला. दुसऱ्या निबंधात हादरा बसलेल्या ९४ जणांची रोजनिशीच होती. तोल तीन ते पाच दिवसांत सावरला, बुद्धीची चपळता पाच ते सात दिवसांत आली, लक्षणे सातव्या दिवसापर्यंत ओसरली. याच दिवसांविषयी कॅलिफोर्नियातील गिझा व होव्हडा यांनी २००१ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांवरून एक उपपत्ती मांडली होती, ती अशी की हादरलेल्या पेशींना आपली घडी पुन्हा बसवण्यासाठी जादा इंधन लागते, आणि नेमका तेव्हाच रक्ताचा पुरवठा कमी झालेला असतो. घरात पाहुण्यांची गर्दी आणि नळाला पाणी नाही, अशी ती अवस्था.

दरम्यान युरोपात आंतरराष्ट्रीय परिषदा भरू लागल्या होत्या. व्हिएन्ना येथील २००१ च्या परिषदेने प्रतवारीची कोष्टके बाजूला ठेवून, प्रत्येक खेळाडू लक्षणमुक्त झाल्यावर पायरीपायरीने परतावा, असा मार्ग सांगितला. पण प्रतवारीचा मोह सुटत नाही. २००४ च्या प्राग येथील परिषदेने हादऱ्याचे ‘साधा’ आणि ‘गुंतागुंतीचा’ असे दोन वर्ग पाडले, आणि साधा कोणता, तर जो सात ते दहा दिवसांत बरा होतो तो! म्हणजे रोगी केव्हा बरा होईल हे सांगण्यासाठी तो केव्हा बरा झाला हे आधी कळावयास हवे. पाऊस पडून गेल्यावर पंचांग उघडावे तसा हा प्रकार झाला. २००८ च्या झुरिच येथील परिषदेने ते वर्ग मुकाट्याने रद्द केले.

यापुढील इतिहास मोठ्या संख्यांचा आहे. २०१० मध्ये एन्. सी. ए. ए. ने प्रत्येक सदस्य कॉलेजाला हादऱ्याविषयी लेखी योजना सक्तीची केली, आणि हादरा बसलेला खेळाडू त्याच दिवशी मैदानावर परत जाणार नाही असे ठरवले. मे २०१४ मध्ये व्हाइट हाउसमध्ये पुन्हा या विषयावर सभा भरली. या वेळी यजमान अध्यक्ष ओबामा होते. एन्. सी. ए. ए. आणि अमेरिकेचे संरक्षण खाते यांनी मिळून तीन कोटी डॉलरांची योजना त्या वेळी जाहीर केली. सैनिकी अकादमींसह सुमारे तीस संस्थांतील तीस हजारांहून अधिक विद्यार्थी तीत सामील झाले. हार्वर्डच्या वहीत केवळ एका संघातील तरुण होते. येथे पोहणारे, धावणारे, होड्या वल्हवणारे आले, आणि मुलीही आल्या. २०२२ मध्ये स्टीव्हन ब्रोग्लिओ व सहकाऱ्यांनी हादरा बसलेल्या १,७५१ विद्यार्थ्यांचा वृत्तांत दिला. त्यांत सुमारे दोन-पंचमांश मुली होत्या. निम्म्यांची लक्षणे ६.४ दिवसांच्या आत गेली, निम्मे १२.८ दिवसांच्या आत खेळात परतले. आणि २८ दिवसांपर्यंत शेकडा ८५ परतलेले होते.

या आकड्यांकडे पाहताना एक गोष्ट विसरू नये. खेळात परतण्याची मुदत ही काही केवळ मेंदूची मुदत नव्हे. प्रत्येक पायरीवर निदान एक दिवस थांबावयाचे असा आता नियम असल्यामुळे, लक्षणे गेल्यानंतरही आठवडाभर सहज जातो. पूर्वीचे खेळाडू लवकर परतत ते त्यांचे मेंदू लवकर सांधत म्हणून नव्हे. त्यांना कोणी थांबवीत नसे म्हणून. थांबवू लागल्यापासून एकाच हंगामात पुन्हा हादरा बसण्याचे प्रमाण घटले आहे, हे दोन्ही काळांच्या तुलनेत दिसून आले.

मग एखाद्याला सात दिवस लागतील की चाळीस, हे पहिल्या दिवशी कशावरून सांगावे? बेशुद्धीविषयी निरनिराळ्या अभ्यासांचे निष्कर्ष जुळत नाहीत. काहींत ती दीर्घ मुदतीशी निगडित दिसते, काहींत मुळीच दिसत नाही. पेनसिल्वेनियातील शाळकरी फुटबॉलपटूंच्या २०११ मधील एका अभ्यासात, आघातासमयी भोवळ आलेल्यांना तीन आठवड्यांहून अधिक काळ लागण्याची शक्यता पुष्कळच वाढलेली आढळली. २०१७ मध्ये रॉचेस्टर येथील खेळाडूंच्या रक्तात टाउ नावाचे प्रथिन मोजून, सहा तासांच्या आत ते अधिक असलेल्यांना दहा दिवसांहून जास्त लागले असे दाखवण्यात आले. परंतु तो अभ्यास लहान होता आणि सामन्याच्या दिवशी त्याच्या भरवशावर निर्णय घेता येत नाही. साऱ्या निबंधांची छाननी केली असता सर्वांत सातत्याने टिकलेली खूण एकच आहे : पहिल्या एकदोन दिवसांत लक्षणांचा भार किती आहे. बावीस लक्षणांची यादी विद्यार्थ्यापुढे ठेवतात, प्रत्येकाला शून्य ते सहा गुण. बेरीज जितकी मोठी तितकी मुदत लांब. १९३३ च्या पुस्तिकेतील ४८ तासांचा नियम याहून फार निराळे काही सांगत नव्हता.

आणि ही यादी भरावयाची कोणी? ज्याला शनिवारी खेळावयाचे आहे, ज्याची फी कदाचित खेळावरच माफ झालेली आहे, त्याने. निकोल्स व स्मिथ यांच्या काळची थट्टा गेली, परंतु लपवाछपवी राहिली. फ्लोरिडा विद्यापीठातील डॉक्टरांनी २०१६ मध्ये ९७ खेळाडूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा निम्म्याहून अधिकांनी हादरा बसल्याचे तत्काळ सांगितले नव्हते. ते खेळतच राहिले होते. त्यांना परतण्यास इतरांपेक्षा सुमारे पाच दिवस अधिक लागले. त्याच वर्षी बारा ते एकोणीस वर्षांच्या ६९ खेळाडूंवर झालेल्या दुसऱ्या अभ्यासात हे अंतर दुपटीचे निघाले : ताबडतोब बाहेर बसलेल्यांना सरासरी २२ दिवस, खेळत राहिलेल्यांना ४४. ज्याने दोन डाव वाचवण्यासाठी तोंड मिटले, त्याने तीन आठवडे गमावले. मुदत सांगण्याच्या साऱ्या खुणांत ही एकच अशी आहे, की जी आघात झाल्यानंतरही माणसाच्या हाती असते. आणि तरुणांना ती क्वचितच सांगितली जाते. त्यांना मृत्यूच्या गोष्टी सांगतात, ज्यांवर विसाव्या वर्षी कोणाचा विश्वास बसत नाही.

विश्रांतीच्या बाबतीत मात्र डॉक्टरांनाच आपला शब्द मागे घ्यावा लागला. काही काळ अशी रीत पडली होती, की मुलाला अंधाऱ्या खोलीत ठेवावे, पुस्तक नको, गाणे नको, मित्र नकोत. विस्कॉन्सिन येथे २०१५ मध्ये अकरा ते बावीस वर्षांच्या रोग्यांवर याची परीक्षा झाली, तेव्हा पाच दिवस कडक विश्रांती घेतलेल्यांनी एकदोन दिवस घेतलेल्यांपेक्षा अधिक लक्षणे नोंदवली. बफेलो येथील जॉन लेडी व बॅरी विलर यांनी याच्या उलट वाट धरली होती. फिरत्या पट्ट्यावर मुलाला चालवावयाचे, हळूहळू चढण वाढवावयाची, आणि नाडीच्या कोणत्या गतीला डोके दुखू लागते ते पाहावयाचे. तो आकडा जितका खाली, तितकी मुदत लांब. त्या गतीच्या किंचित खाली रोज व्यायाम दिला असता किशोरवयीन खेळाडू साधारण १३ दिवसांत बरे झाले. नुसते अंग ताणण्याचे व्यायाम केलेल्यांना १७ दिवस लागले. हा निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. या परीक्षेचा आणखी एक गुण असा, की मुलाने काहीही सांगो, त्याची नाडी पट्ट्यावर मोजली जात असते.

२०२२ च्या अॅमस्टरडॅम येथील परिषदेने हे मत स्वीकारले, आणि तिचे निवेदन पुढील वर्षी प्रसिद्ध झाले. पहिले दोन दिवस बेताची विश्रांती, त्यातही घरातल्या घरात हिंडण्यास मुभा. त्यानंतर चालणे, मग हलका व्यायाम, मग धक्क्यावाचून सराव, आणि शेवटी डॉक्टरची संमती घेऊन पूर्ण खेळ. लक्षणे चार आठवड्यांपलीकडे टिकली तर तो रोगी एकट्या संघवैद्याकडे न ठेवता मान, तोल, दृष्टी व मन यांच्या तज्ज्ञांकडे मिळून सोपवावा, असे तीत सांगितले आहे. कॉलेजचा डॉक्टर आज विद्यार्थ्याला निश्चित तारीख देत नाही. तो यादीतील गुणांची बेरीज करतो, मागे किती वेळा असे झाले ते विचारतो, मैदानावरून नेमके केव्हा बाहेर पडलास ते विचारतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा येण्यास सांगतो.